तलवार, तोडा आणि मंत्र: माळव्यातली कँपेन खेळवायचीये, सल्ला हवा

माळवी_डीएम (इंदूर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागाच काढतो.

रामबागेत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत रविवारी दुपारी आमचा डीएनडीचा (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ) अड्डा असतो, पाचवी एडिशन, मी डीएम, म्हणजे खेळवणारा. सराई झाली, गॉब्लिन झाले, तळघर झालं, ड्रॅगन पण मारून झाला, आता पोरांना बंदुका हव्यात. आणि मला पुढची कँपेन (बरेच दिवस चालणारी गोष्ट) आपल्या माळव्यात करायचीये, म्हणजे गावांची नावं बदलून, पण डोळ्यासमोर १७९० च्या आगेमागेचा काळ, जेव्हा एकाच मैदानात साखळीचं चिलखत घातलेला घोडेस्वार पण आहे, हत्ती पण आहे, तोड्याची (जळत्या सुतळीनं पेटणारी) बंदूक घेतलेला प्यादा पण आहे आणि फिरंगी कप्तानाच्या हुकमावर पाऊल टाकणारी पलटण पण आहे, आणि या सगळ्याच्या वर उज्जैनकडचे वेताळ नि मांत्रिक.

अडचण अशी की आमचा विझार्डवाला (मांत्रिक खेळणारा) रुसून बसलाय. म्हणतो, गुरूच्या घरी पाणी भरून भरून मी जे शिकलो ते उद्या कुठलाही शिपाई नळीत दारू ठासून करणार असेल तर मी कशाला येऊ? दुसऱ्याचं म्हणणं बंदूक आली की फॅंटसी मेली, आता वाफेच्या गाड्या नि गोल चष्मे चालू होणार.

कुणी असलं काही खेळवलंय का? नियम कुठले घेतले? तयार सेटिंग (खेळासाठी रचलेलं जग) कुठली वाचण्यासारखी आहे? पुस्तकं बाहेरून मागवावी लागतात आणि किमती बघून घाम फुटतो म्हणून आधी विचारतोय.

जुनाखोड

काडी टाकतो. फॅंटसीत बंदूक म्हणजे पुरणपोळीवर टोमॅटो केचप. खाता येतं, पण का खायचं?

धनुष्यात माणसाचा दंड दिसतो, तलवारीत छाती दिसते, बंदुकीत काय, घोडा दाबला की झालं. मध्ययुग म्हटलं की तलवार, भाला, तीरकमठा. विषय संपला.

लष्करकर (ग्वाल्हेर)

विषय संपला कसा, आत्ता तर चालू झाला. जुनाखोड, तुमचं ते मध्ययुग नक्की कुठलं? फॅंटसीच्या मुखपृष्ठावर तो नखशिखांत पोलादात मढवलेला सरदार असतो ना, ते तसलं चिलखत पंधराव्या शतकातलं. क्रेसीच्या लढाईत तोफा होत्या आणि ती १३४६ ची. म्हणजे फुल प्लेट तोफेपेक्षा वयानं धाकटं. रेपियर तर त्याहून उशिराची, पण ती शस्त्रांच्या यादीत आरामात बसलेली असते आणि तिच्यामुळे कुणाची फॅंटसी मरत नाही. पुढे पुढे तर चिलखत घडवणारे कारागीर छातीच्या पत्र्यावर स्वतःच गोळी झाडायचे आणि तो पोचा तसाच ठेवून द्यायचे, की बघा, टिकलं. गिऱ्हाइकाला तीच पावती.

आपल्याकडचं तर विचारूच नका. १५२६ ला पानिपतावर बाबरानं तोफा नि तोड्याच्या बंदुका लावल्या, समोर इब्राहिम लोदीचे हत्ती. १७६१ ला त्याच पानिपतावर आपल्या बाजूला इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी नि तोफखाना, समोर अब्दालीचे जंबुरे, म्हणजे उंटाच्या पाठीवर खुंट्यावर फिरणारी छोटी तोफ. उंटावर तोफ! हे कुणी गेमच्या पुस्तकात लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते की आता अति झालं.

आणि मॅजिक आयटम हवा असेल तर अकबराची बंदूक घ्या. तिचं नाव होतं संग्राम. चितोडच्या वेढ्यात, १५६८ ला, तटावर उभ्या असलेल्या जयमलला त्यानं याच बंदुकीनं टिपलं असं अबुल फजल लिहून गेलाय. बंदुकीला नाव आहे, मागे गोष्ट आहे, मालक बादशहा आहे, आता नुसता प्लस टू लावायचा बाकी.

जुनाखोड

संग्रामला +१. बाकी मत कायम.

नियमवाला_बंड्या

भावना बाजूला ठेवा, आकडे बघा.

२०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये बंदुका पर्यायी नियम म्हणून आहेत. पिस्तूल १डी१०, पल्ला ३०/९० फूट (साधा/लांबचा). मस्केट १डी१२, पल्ला ४०/१२०. दोन्हीला लोडिंग, म्हणजे परत भरायची अट. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकात तर त्या सरळ मुख्य यादीत आल्यात, पिस्तूल २५० सोन्याची नाणी, मस्केट ५००. आता शेजारी लाँगबो ठेव: १डी८, पल्ला १५०/६००, लोडिंगची भानगड नाही. मस्केटचा फायदा सरासरी दोन पॉइंटांचा आणि त्यासाठी ५०० नाणी आणि पल्ला पार आखूड. यात फॅंटसी कुठे मेली?

आणि तुझा तो रुसलेला विझार्ड. फायर बोल्ट, १डी१०, १२० फूट, दारू नको गोळी नको, पाचव्या लेव्हलला २डी१०. त्याच्या बोटाच्या टोकाला पहिल्या दिवसापासून पिस्तूलच आहे. डेक्सचा (चपळाईचा) बोनस मिळत नाही हे मान्य. पण पाचव्या लेव्हलला तो फायरबॉल टाकतो, ८डी६, वीस फूट रेडियस. अशी कुठली बंदूक आहे सांग म्हणावं.

पाथफाइंडरच्या (डीएनडीसारखाच दुसरा खेळ) पहिल्या एडिशनमध्ये मात्र खरी डोकेदुखी आहे. अल्टिमेट कॉम्बॅट, २०११, त्यात गनस्लिंगर नावाचा क्लास आला. तिथे जवळच्या पल्ल्यात बंदूक चिलखत मोजतच नाही, टच एसीवर (चिलखत सोडून उरणाऱ्या बचावावर) लागते, आणि ड्रॅगनचं सगळं संरक्षण खवल्यांचं असतं, टच एसी एकदम किरकोळ. गनस्लिंगर त्याची चाळण करतो. उतारा म्हणून मिसफायर ठेवलाय, एकदा झाला की बंदूक बिघडते, बिघडलेलीनं परत दगा दिला की नळीच फुटते. पण हा उतारा दर वेळी पुरत नाही, लांबलचक भांडणं बघितलीयेत मी यावरून.

सूरसागरी (बडोदा)

बंड्या, आकडे बरोबर आहेत पण याच आकड्यांमुळे बंदूक टेबलावर फुसकी वाटते. १डी१२ म्हणजे जरा मोठा तीरकमठा. मग हवीच कशाला?

मी बडोद्यात आमच्या ग्रुपला अशी कँपेन खेळवलीये, बरीच लांब चालली, तिचा अनुभव सांगते. आधी वेळेचं बघ. एक राऊंड सहा सेकंदांचा, दर राऊंडला एक बार म्हणजे मिनिटाला दहा. खऱ्या तोड्याच्या बंदुकीला एका बाराला मिनिटभर सहज जायचा, चकमकीच्या (गारगोटीनं ठिणगी पाडणाऱ्या) बंदुका घेतलेले कसलेले शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचे. दारू ओता, गोळी टाका, गजानं ठासा, कानात (नळीच्या भोकात) रंजक, म्हणजे पेटवायची दारू, भरा, तोडा नीट लावा, फुंकर मारून निखारा जागा करा, मग नेम. म्हणून मी सरळ ठरवलं की बंदूक एका लढाईत एकदाच उडणार. पण उडाली की ३डी१०. परत भरायला दहा राऊंड, म्हणजे व्यवहारात नाहीच, कारण आमच्या लढाया चार-पाच राऊंडात आटपतात.

यानं काय झालं की सगळे पहिला बार टाकतात, समोर धुराचा पडदा, आणि त्या धुरात तलवारी उपसून घुसतात. जुनाखोड काकांना जे हवंय ते तिथूनच पुढे चालू होतं. एक जण हुशारी करून शेल्यात चार पिस्तुलं खोचून आला. मी एवढंच विचारलं, सकाळी नदी छातीपर्यंतच्या पाण्यातून ओलांडलीस तेव्हा ही चौघं कुठे होती रे?

माझं म्हणणं, डॅमेज वाढवत बसू नकोस, बंदुकीभोवतीची कटकट खेळात आण. आवाज, धूर, वास, ओल आणि मुख्य म्हणजे तोडा. तोड्याची बंदूक म्हणजे शिपायाजवळ सतत जळत असलेली सुतळी. रात्री तो लाल ठिपका लांबून दिसतो.

आमच्या एका सेशनला पार्टीला नदीकाठच्या चौकीजवळून रात्री सरकायचं होतं. विझार्ड खेळणाऱ्या मुलीनं काय वापरावं, तर प्रेस्टिडिजिटेशन. पोरखेळ कॅनट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा मंत्र), मेणबत्ती पेटव, मेणबत्ती विझव, पल्ला दहा फूट. ती बया झुडपातून सरपटत पहारेकऱ्याच्या दहा फुटांवर गेली आणि तिनं त्याचा तोडा विझवला. त्याला पत्ताच नाही. मग आमच्या रोगनं (Rogue, चोरपावलांनी फिरणारं पात्र) मुद्दाम काटकी मोडली. पहारेकरी वळला, नेम धरला, घोडा दाबला, तोडा खाली येऊन रंजकावर टेकला आणि ढिम्म. तो वाकून फुंकर मारतोय, राख उडतेय, निखारा कुठाय ते बघतोय, तोवर रोग त्याच्या पाठीशी. टेबलावर जो आरडाओरडा झाला तो फायरबॉलला कधी होत नाही.

नियमवाला_बंड्या

नियमात मेणबत्ती, मशाल आणि छोटी शेकोटी एवढंच लिहिलंय. तोडा यादीत नाही.

सूरसागरी (बडोदा)

आणि तू त्या टेबलावर नव्हतास.

लष्करकर (ग्वाल्हेर)

खिक्क.

तोड्यांवरून आठवलं, १६६३ ला शाहिस्तेखानावर छापा घालून परतताना बैलांच्या शिंगांना पलिते बांधून कात्रजच्या बाजूला सोडले आणि मोगल त्यांच्याच मागे लागले असं सांगतात. तोच डाव तोड्यांनी करता येतो. झुडपाझुडपाला पेटता तोडा अडकवा, लांबून वाटेल पलटण दबा धरून बसलीये, आणि पार्टी मागच्या ओढ्यातून पसार.

सूरसागरी (बडोदा)

हे मी चोरतेय.

नवशिकी_रेवा

मस्त चाललाय धागा, वाचतेय. एक बावळट प्रश्न, हा खेळ मोबाइलवर असतो का? आणि १डी१० म्हणजे काय?

माळवी_डीएम (इंदूर)

बावळट कसला. मोबाइल लागत नाही, कागद, पेन्सिल, फासे आणि गोष्ट पुढे नेणारा एक जण, तो डीएम. १डी१० म्हणजे दहा बाजूंचा फासा एकदा टाकायचा, ३डी१० म्हणजे तीनदा टाकून बेरीज. इंदुरात असाल तर या एखाद्या रविवारी बघायला, कचोरीची सोय आमच्याकडून.

सूरसागरी ताई, तोड्याचा किस्सा विझार्डवाल्याला पाठवला, त्यानं अंगठा दिलाय. पहिल्यांदाच.

कपाटभर

तयार सेटिंग विचारलीस म्हणून लिहितो, माझ्याकडे यातली बरीच पडून आहेत. सगळ्यांना एकच प्रश्न सोडवावा लागतो: जादू हाताशी असताना कुणी बंदूक शोधायच्या फंदात का पडेल? ज्यानं याचं उत्तर नीट दिलं ती सेटिंग जमली, ज्यानं टाळलं तिथे बंदूक नुसती फोटोपुरती.

पाथफाइंडरच्या जगात अल्केनस्टार नावाचं राज्य आहे. नेक्स आणि गेब या दोन महा-जादूगारांच्या युद्धानं मधला मुलूख असा भाजून निघाला की तिथे जादू धड चालतच नाही, कधी बंद पडते, कधी भलतंच करते. तिथल्या लोकांना बंदुकीशिवाय पर्यायच उरला नाही. माझ्या मते सगळ्यात साफ उत्तर हेच.

फरगॉटन रेल्म्समध्ये उलटं. तिथे साधी दारू पेटतच नाही, पेटते ती स्मोकपावडर, आणि ती स्वतःच जादूची. गोंड नावाच्या कारागिरांच्या देवाचे पुजारी नि लांतान बेटवाले ती बाळगून असतात. पाचव्या एडिशनमध्ये तिच्यावर डिस्पेल मॅजिक (जादू उतरवणारा मंत्र) टाकलं की ती कायमची निकामी. म्हणजे विझार्डच्या हातात थेट तोफखान्याचा कान.

आयर्न किंग्डम्स, प्रायव्हेटीअर प्रेसवाल्यांनी २००१ ला आणलेलं. तिथे गन मेज आहेत, गोळीवर रून (जादूची अक्षरं) कोरून मंत्र गोळीतूनच पाठवतात, आणि वाफेवर चालणारे जादूच्या मेंदूचे लोखंडी राक्षस. वाचायला झकास, पण तुझ्या माळव्याला फार कारखानी होईल. एबेरॉन तर बंदूक घेतच नाही. २००२ च्या स्पर्धेत अकरा हजारांवर कल्पना आल्या होत्या त्यातून कीथ बेकरची ही निवडली, २००४ ला पुस्तक आलं. त्यांचा हिशोब असा की जादूच इतकी स्वस्त करून टाका की शिपायाच्या हातात छडी येईल, मग बंदूक कशाला. स्पेलजॅमरमध्ये गिफ आहेत, पाणघोड्याच्या तोंडाचे बंदूकवेडे भाडोत्री शिपाई. त्यांच्यावर जास्त बोलत नाही, एकदा खेळवून बघ, हसून मरशील.

पण तुला वाचायचंच असेल तर वॉरहॅमर फॅंटसी रोलप्ले, १९८६ चं. त्यातल्या एम्पायर नावाच्या राज्यात नूल्नला तोफखान्याची शाळा आहे आणि आल्टडॉर्फला जादूची विद्यापीठं, सरकार दोन्ही पोसतं आणि लोक दोन्हींना टरकतात. मंत्र चुकला तर मांत्रिकाचं काही खरं नाही, बार चुकला तर गोलंदाजाचं काही खरं नाही. दोघंही स्वतःच्याच हत्याराला घाबरून असतात. तुमचा विझार्ड नि बंदूकवाला तिथे भांडणार नाहीत, एकमेकांना सांभाळून घेतील.

माळवी_डीएम (इंदूर)

कपाटभर, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

अल्केनस्टारचं वाचून डोक्यात एक आलं. तिथे जादू मेली म्हणून बंदूक आली. मी उलटं केलं तर? बंदुकीमुळेच जादू अडखळते. आपल्याकडे लोखंड जवळ असलं की भूतबाधा होत नाही असं मानतातच, बाळंतिणीच्या उशाशी विळा नाहीतर सुरी ठेवतात. तर माझ्या माळव्यात लोखंडापुढे मंत्र लुळा पडतो. लोखंडी नळीजवळ मांत्रिक उभा राहिला की मंत्र तुटतो.

नियमवाला_बंड्या

तलवार पण लोखंडीच असते. चिलखत पण. घोड्याचा नाल पण. तुझ्या विझार्डला स्वयंपाकघरात पण मंत्र म्हणता येणार नाही, तवा आहे.

माळवी_डीएम (इंदूर)

च्यायला. खरंय.

सूरसागरी (बडोदा)

मग वजनावर ने ना. एका तलवारीनं, एका बंदुकीनं काही होत नाही. पण शंभर नळ्या एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या की त्यांच्यासमोर मंत्र चालत नाही. सुटा बंदूकवाला विझार्डचा दोस्त, पलटण विझार्डची वैरी. तुमच्या मित्राचा रुसवा पण जाईल आणि भीती पण राहील.

लष्करकर (ग्वाल्हेर)

ताई हे फार भारी आहे, कारण खरा इतिहास अगदी असाच चाललाय. पानिपतच्या आधी मल्हारराव होळकरांचा कौल गनिमी काव्याला आणि भाऊंचा भर गारद्यांच्या तोफखान्यावर, हा वाद सगळ्यांना तोंडपाठ आहे. घोड्यावर आयुष्य काढलेल्या सरदाराला कवायती पायदळ म्हणजे आपल्या पोटावर पाय वाटणारच. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ ला बेन्वा द बॉयनला चाकरीला ठेवलं, त्यानं कंपू (कवायती फौजा) उभे केले, आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना चालला, आणि १७९० मध्ये एकाच वर्षात पाटण नि मेडता अशा दोन लढाया मारल्या. मेडत्याला राठोडांचे घोडे सरळ पलटणीवर येऊन आदळले.

आता त्या घोडेस्वारांच्या जागी मांत्रिक घाल. पिढ्यान् पिढ्या दरबारात वतनं खाणारी मांत्रिकांची घराणी, आणि राजानं अचानक एक फिरंगी ठेवलाय जो खेड्यातल्या पोरांना सहा महिने कवायत शिकवून त्यांच्यासमोर उभा करतोय. ही कँपेन आहे. ड्रॅगन लागतच नाही.

मांत्रिकांना पण एक पत्ता दे. मोठ्या तोफा लोखंडाच्याच असतात असं नाही. विजापूरची मुलूखमैदान ब्राँझची आहे, १५४९ ला अहमदनगरात ओतलेली, तोंड अक्राळविक्राळ जनावराचं, जबड्यात हत्ती, अंगावर लेख कोरलेले. तांब्या-कथलाला तुझा लोखंडाचा नियम लागू नाही. मग अशा तोफेवर मंत्र कोरता येतो, तिच्यात काहीतरी बसवता येतं. अशी एक तोफ कुठल्यातरी पडक्या बुरुजावर आहे आणि तिच्यात कोण बसलंय ते कुणाला ठाऊक नाही.

बाय द वे, कंपू कंपूला भिडलेलं बघायचं असेल तर १७९३ ची लाखेरी वाचा. शिंदे विरुद्ध होळकर. निकाल सांगत नाही, इंदूरकरांना वाईट वाटेल.

माळवी_डीएम (इंदूर)

१८०२ च्या दिवाळीत हडपसरला काय झालं ते पण सांगा की मग. यशवंतरावांनी शिंदे नि पेशवे एकदम घेतले होते अंगावर.

सूरसागरी (बडोदा)

भांडा तुम्ही. आमच्या मल्हारराव गायकवाडांनी तर सोन्याच्या तोफाच करून घेतल्या. कुणाला मारलं नाही, नुसतं दिपवलं.

कपाटभर

धागा भरकटतोय, पण असाच भरकटू दे.

कामाचं एक. तुम्ही सगळे बंदुकीवर बोलताय, दारूवर कुणीच नाही. काळी दारू म्हणजे ढोबळमानानं पंचाहत्तर भाग शोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. कोळसा कुठेही मिळतो, गंधक विकत आणायचा, पण सगळा खेळ शोऱ्याचा. शोरा यायचा कुठून? जुन्या मातीच्या भिंती, गोठे, जिथे वर्षानुवर्षं जनावरं-माणसं राहून गेलीत तिथली माती खरवडायची, पाण्यात धुवायची, ते पाणी आटवायचं. बिहारच्या शोऱ्यासाठी युरोपातल्या कंपन्या उगाच नव्हत्या धडपडत.

आता गेमच्या डोक्यानं बघ. सगळ्यात चांगली शोऱ्याची माती कुठे? ओस पडलेल्या जुन्या गावात. आणि ओस पडलेल्या जुन्या गावात कोण राहतं? वेताळ. म्हणजे पलटणीला दारू हवी असेल तर आधी कुणीतरी मांत्रिकाला सोबत घेऊन ते गाव मोकळं करायला पाहिजे. पलटणीसमोर मंत्र चालत नाही, पण मंत्राशिवाय पलटणीला दारू नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर)

उठून उभा राहिलो.

जुनाखोड

हे मात्र चांगलं आहे. शोरा खणायला जातो मी, धनुष्य घेऊन.

नियमवाला_बंड्या

मग दारूचे नियम पण घे, तयार आहेत, डीएमच्या पुस्तकात. पिंप पेटलं तर दहा फुटांत सगळ्यांना ७डी६ आगीचा डॅमेज, डेक्स सेव्ह (चपळाईनं वाचायचा फासा) डीसी १२, म्हणजे १२ तरी यायला हवेत, वाचलात तर अर्धा. शिंगातली दारू असेल तर ३डी६. आणि फायर बोल्ट कुणाच्या अंगावर नसलेली जळाऊ वस्तू पेटवतो. पहिल्या लेव्हलचा विझार्ड, १२० फुटांवरून, एक पिंप. फायरबॉल यायच्या कितीतरी आधी त्याच्या हातात जवळजवळ फायरबॉल. हे त्याला सांग, रुसवा कुठल्या कुठे जाईल. फक्त पिंपं मोजूनमापून दे, नाहीतर दुसऱ्या सेशनला ते सगळा किल्लाच उडवून रिकामे होतील.

पावसाचा नियम मात्र कुठेच लिहिलेला नाही. तो तुलाच करावा लागेल.

लष्करकर (ग्वाल्हेर)

प्लासी १७५७. ऐन लढाईत पाऊस आला, इंग्रजांनी दारूगोळ्यावर ताडपत्र्या ओढल्या, नवाबाची दारू भिजली. हाच नियम.

सूरसागरी (बडोदा)

माझा पावसाचा नियम सोपा होता. उघड्यावर पाऊस असेल तर बार टाकायच्या आधी डी२० टाक, दहाच्या आत आला तर रंजक भिजलं, बार फुसका. ज्यानं आधीच्या मुक्कामाला शिंग मेणकापडात गुंडाळून ठेवलं असं स्वतःहून सांगितलं त्याला सूट. त्यानंतर आमचा टेबल एवढा शिस्तीचा झाला की मुक्कामाला पोचले की आधी दारू कोरडी आहे का बघायचे, मग जेवण.

माळवी, एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. वेताळ, पिशाच्च, हडळ, सिद्ध, जोगी जे घालायचं ते घाल, पण ज्या देवाची घरात पूजा होते त्याला स्टॅट ब्लॉक (खेळातले ताकदीचे आकडे) देऊ नकोस. आमच्याकडे एकानं कौतुकानं केलं होतं, एका खेळाडूला ते लागलं आणि त्यानं येणंच सोडलं. टेबल महत्त्वाचा. आणि जिवंत घराण्यांची नावं पण बदल, तू बदलणारच आहेस म्हणा.

माळवी_डीएम (इंदूर)

पटलं ताई. देव बाहेरच राहतील, नावं पण सगळी बनावट.

तर आत्तापर्यंत ठरलेलं असं. नदीकाठचं एक संस्थान, म्हातारा राजा, त्याचे दोन मुलगे. थोरला फिरंगी कप्तानाच्या पाठीशी, धाकटा मांत्रिकांच्या घराण्याचा भाचा. पार्टीला पहिलं काम थोरल्याकडून: ओस गावातून बारा गाड्या शोऱ्याची माती आणा. सोबत मांत्रिक द्यायला घराण्यानं नकार दिलाय, म्हणून आमचा विझार्ड, जो त्याच घराण्यातून हाकलून दिलेला आहे, त्याच्यावर सगळी भिस्त. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला बॅकस्टोरी मी लिहितो, तू लिहू नकोस.

बंदुकीचे नियम सूरसागरी ताईंचे, एक लढाई एक बार, पण ३डी१० पहिल्या लेव्हलला फार होतंय म्हणून २डी१०, पुढे वाढवीन. पलटणीचा नियम: वीस किंवा जास्त नळ्या एका रांगेत, साठ फुटांच्या आत, तर मंत्र टाकायला आधी कॉन्सन्ट्रेशनसारखा (चालू मंत्र टिकवायला लागतो तसा) सेव्ह. बंड्या, डीसी काय ठेवू?

नियमवाला_बंड्या

दहा, आणि वीसच्या पुढे दर दहा नळ्यांना एक वाढव. पंधराच्या वर नेऊ नकोस, नाहीतर तो परत रुसेल. आणि सेव्ह कॉन्स्टिट्यूशनवर नको, विझ्डमवर घे. लोखंडाचा धाक मनाला बसतो, पोटाला नाही.

नवशिकी_रेवा

मी विजयनगरला राहते. या रविवारी आले तर नुसती बघत बसायला लागेल की काही करता पण येईल?

माळवी_डीएम (इंदूर)

करता येईल की. शोऱ्याच्या गाड्यांबरोबर गावची एक वाटाड्या हवीच आहे, ओस गावात लहानपणी राहिलेली. पात्राचं पान तयार करून ठेवतो. तिच्याकडे गोफण आहे, बंदूक नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर)

ऑनलाइन एक खुर्ची टाका राव आमच्यासाठी, फिरंगी कप्तान मी बोलतो. आवाज काढून ठेवलाय.

माळवी_डीएम (इंदूर)

व्हिडिओ कॉल लावतो, पण गच्चीवर नेट रडतं. पावसात तर बंदच.

नियमवाला_बंड्या

पावसावरून आठवलं, किमतींच्या यादीत ताडपत्री आहे का? मस्केट ५०० असेल तर ताडपत्रीला काय भाव लावणार?

माळवी_डीएम (इंदूर)

आषाढात सांगीन तो.